संस्थेत कार्ड योजना आणण्यापूर्वी: ओळख, पैसे आणि पॉइंट यांचा खरा खर्च कसा तपासावा

सहकारी भांडार, विद्यापीठ, ग्रंथालय, कर्मचारी संघटना, वाहतूक सेवा किंवा एखादे सरकारी खाते, कोठेही असो, "आता सर्वांना एकच कार्ड देऊ" असा प्रस्ताव आला की त्यासाठी समिती नेमली जाते. कार्ड आजवर केवळ वापरलेले, पण कधी खरेदी केलेले वा चालवलेले नाही, असे सदस्य त्या समितीत हमखास असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. अशा समितीचे काम मी केले आहे आणि त्या अनुभवातून सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे. कार्ड चालते तेव्हा काय होते हे पुरवठादार सादरीकरणात दाखवतो. खर्च आणि वाद मात्र कार्ड चालत नाही तेव्हा उभे राहतात. म्हणून कार्ड हरवले, नाकारले गेले, चोरीला गेले, जुने झाले किंवा योजनाच गुंडाळावी लागली, तर पैसे कोण भरणार आणि हेलपाटे कोण घालणार, हा प्रश्न पुढील प्रत्येक टप्प्यावर विचारत राहावा.

१. कार्डाने काय करायचे ते लिहा, आणि काय करायचे नाही तेही लिहा

ओळखपत्र, पैसे भरण्याचे कार्ड आणि लॉयल्टी कार्ड ही दिसायला सारखीच असली तरी त्यांची कामे निराळी आहेत. पहिले ही व्यक्ती कोण हे सांगते, दुसरे विक्रेत्याला पैसे मिळतील याची हमी देते आणि तिसरे हाच ग्राहक पूर्वी केव्हा व कशासाठी आला होता याची नोंद ठेवून त्याला खरेदीवर पॉइंट देते. तिन्ही कामे एकाच प्लास्टिकवर आणली की छपाईचा खर्च थोडा वाचतो. परंतु ते एक कार्ड हरवले की सदस्याचा प्रवेश, त्याचे पैसे आणि त्याचे पॉइंट एकाच वेळी अडकतात. नायजेरियाने २०१४ मध्ये राष्ट्रीय ओळखपत्रावरच मास्टरकार्डची देयक सुविधा दिली, तेव्हा देशाच्या ओळखपत्रावर एका खाजगी परदेशी कंपनीचे बोधचिन्ह का असावे आणि नागरिकांची माहिती कोठवर जाणार, असे प्रश्न तेथे लगेच विचारले गेले.

त्याहून मोठा धोका म्हणजे कामाची व्याप्ती हळूहळू वाढत जाणे. अमेरिकेतील सोशल सिक्युरिटी क्रमांक १९३६ पासून निवृत्तिवेतनाच्या नोंदीसाठी दिला जाऊ लागला. १९४६ पासून त्या कार्डावर ते ओळखीसाठी नसल्याचे स्पष्ट छापले जात असे. तरीही सरकारी खाती, बँका, रुग्णालये आणि विद्यापीठे तोच क्रमांक ओळखीसाठी मागत राहिली, आणि १९७२ पासून नव्या कार्डांवरून ती ओळच काढण्यात आली. कार्डावर छापलेली सूचना कोणाला अडवत नाही, एवढे यातून दिसते. अडवायचे असेल, तर ते ठरावात आणि करारात लिहावे लागते.

समितीच्या पहिल्याच बैठकीत दोन वाक्यांचा ठराव करून घ्यावा. पहिल्या वाक्यात कार्डाचे काम असावे; दुसऱ्यात कार्डाचा वापर कशासाठी होणार नाही हे असावे, उदाहरणार्थ हजेरी, कर्जवसुली, वर्तनावर पाळत किंवा तिसऱ्या पक्षाची जाहिरात. पुढे कोणाला व्याप्ती वाढवायची असेल तर त्याला नवा ठराव आणावा लागेल. हे काम कंटाळवाणे वाटते आणि "नंतर पाहू" म्हणून पुढे ढकलले जाते, पण सादरीकरण पाहून झाल्यावर समितीला "नाही" म्हणणे फार अवघड जाते.

२. सादरीकरणाला बसण्यापूर्वी मागवायची कागदपत्रे

पुरवठादाराशी पहिली भेट होण्याआधी पुढील कागद लेखी मागावेत. ते देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याबद्दल बरेचसे तेथेच कळते.

- दरपत्रक, ज्यात प्रत्येक कार्डाची किंमत, वार्षिक परवाना शुल्क, रीडर किंवा स्वाइप मशीनचे भाडे, देखभाल आणि बदली कार्डाचा दर वेगवेगळे दाखवलेले असतील.
- कराराचा पूर्ण मसुदा. सारांश नको, परिशिष्टे मात्र हवीत.
- चिपचे नाव व पिढी, आणि तिची सुरक्षा स्वतंत्रपणे तपासल्याचे प्रमाणपत्र.
- पैशांचे व्यवहार असतील तर पीसीआय डीएसएस या, कार्डांची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या मानकाचे पालन होत असल्याचा चालू वर्षाचा पुरावा.
- कोणती माहिती साठवली जाते, कोठे, किती काळ आणि कोणत्या उपकंत्राटदाराकडे जाते, याची यादी.
- पॉइंटची नियमावली, तिच्यात आजवर झालेल्या बदलांसह.
- योजना बंद केलेल्या किमान एका जुन्या ग्राहक संस्थेचा संपर्क.

शेवटची मागणी ऐकून पुरवठादार सहसा चपापतो. सध्याचे समाधानी ग्राहक दाखवायला तो तयार असतो. परंतु सोडून गेलेल्या संस्थेला स्वतःची माहिती परत मिळाली का आणि किती दिवसांत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. खर्चाचा तक्ता कार्डाच्या पूर्ण आयुष्याचा करा

दरपत्रकात सर्वांत ठळक आकडा कार्डाच्या किमतीचा असतो आणि एकूण खर्चात त्याचा वाटा अनेकदा सर्वांत लहान असतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय ओळखपत्र योजनेचा वाद याच मुद्द्यावर पेटला होता. सरकारने दहा वर्षांसाठी सुमारे ५.८ अब्ज पौंडांचा अंदाज दिला, तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासगटाने २००५ मध्ये तोच खर्च १०.६ ते १९.२ अब्ज पौंडांच्या दरम्यान जाईल असे मांडले. सरकारने तो अंदाज अमान्य केला. दोन्ही आकड्यांमधील दरी गृहीतकांतून आली होती. कार्ड किती वर्षांनी बदलावे लागेल, बोटांचे ठसे पुन्हा किती वेळा घ्यावे लागतील, आणि इतर खात्यांनी रीडर बसवण्याचा व आपल्या संगणक प्रणाली जोडण्याचा खर्च धरायचा की नाही, यावर सगळे अवलंबून होते.

आपल्या तक्त्यातही म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्यामागचे गृहीतक लिहिण्यासाठी एक रकाना ठेवावा. नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा वेळ, रीडरची दुरुस्ती, मदतकक्ष, दरवर्षीचे सुरक्षा परीक्षण, हरवलेल्या कार्डांची बदली, सोडून गेलेल्या सदस्यांची कार्डे रद्द करणे आणि शेवटी सर्व माहिती नष्ट करणे, या ओळी तक्त्यात असल्याच पाहिजेत. शेवटची ओळ मी फारच थोड्या तक्त्यांत पाहिली आहे.

चिपचे आयुष्यही स्वतंत्रपणे विचारात घ्यावे. प्लास्टिक टिकते, पण चिपची सुरक्षा त्याआधीच संपू शकते. लंडन आणि नेदरलँड्समधील वाहतूक कार्डांत वापरलेल्या मायफेअर क्लासिक या चिपची गुप्त ठेवलेली सांकेतिक पद्धत संशोधकांनी २००८ पर्यंत उलगडली. नायमेखन येथील विद्यापीठाचा शोधनिबंध रोखण्यासाठी उत्पादक कंपनी न्यायालयात गेली, पण त्याच वर्षी जुलैमध्ये डच न्यायालयाने प्रकाशनास परवानगी दिली. "आमची पद्धत गोपनीय आहे, म्हणून सुरक्षित आहे" असे पुरवठादार म्हणत असेल, तर हा दाखला त्याच्यासमोर ठेवावा. दुसरे उदाहरण एस्टोनियाचे आहे. तेथे २०१७ मध्ये ओळखपत्राच्या चिपमधील त्रुटीमुळे सुमारे साडेसात लाख कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रे, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या चिपमधील नोंदी, धोक्यात आली आणि नोव्हेंबरमध्ये ती स्थगित करावी लागली. परंतु कार्ड न बदलता, घरबसल्या किंवा कार्यालयात जाऊन, प्रमाणपत्र नव्याने घेण्याची सोय मूळ रचनेतच होती. ती नसती तर प्रत्येक कार्ड पुन्हा छापावे लागले असते. आपल्या पुरवठादाराला विचारावे: त्रुटी सापडली तर कार्ड दुरुस्त होते की फेकावे लागते, आणि फेकावे लागल्यास नव्या कार्डांचे पैसे कोण देतो?

येथे एक फसगत नेहमी होते. बदली कार्डावर जबर शुल्क लावले तर कार्डे कमी हरवतात असे समितीला वाटते. प्रत्यक्षात लोक कार्ड हरवल्याचे कळवतच नाहीत आणि एकमेकांची कार्डे वापरू लागतात, त्यामुळे ओळखपत्राचा मूळ हेतूच बुडतो. पहिले बदली कार्ड विनाशुल्क ठेवणे तुलनेने स्वस्त पडते.

४. पैशांच्या प्रत्येक व्यवहारातून कोण किती कापतो ते शोधा

हा टप्पा सर्वांत किचकट आहे, म्हणून येथे वेळ द्यावा. नेहमीच्या कार्ड व्यवहारात कार्डधारक, त्याला कार्ड देणारी बँक, विक्रेता आणि विक्रेत्याची बँक असे चार पक्ष असतात, आणि त्यांच्यामध्ये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळे असते. विक्रेत्याच्या रकमेतून जे शुल्क कापले जाते त्याचे तीन तुकडे होतात. सहसा सर्वांत मोठा तुकडा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज शुल्क म्हणतात. दुसरा तुकडा जाळ्याचा आणि तिसरा विक्रेत्याच्या बँकेचा. ग्राहकाला मिळणाऱ्या कॅशबॅकचा मोठा भाग या पहिल्या तुकड्यातूनच येतो.

या शुल्कावर जगभर दीर्घकाळ वाद झाले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ पासून ते कमी करायला लावले. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमानुसार वैयक्तिक डेबिट कार्डांसाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्के अशी मर्यादा घातली. पण ती कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या व्यावसायिक कार्डांना लागू नाही, आणि उरलेल्या दोन तुकड्यांवरही तिचे बंधन नाही. अमेरिकेत २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवर सुमारे २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के अशी मर्यादा आली. भारतात जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर विक्रेत्याकडून शुल्क घेणे बंद झाले. व्यवहार चालवण्याचा खर्च मात्र नाहीसा झाला नाही, तो बँका आणि सरकारी प्रोत्साहन निधी यांच्याकडे सरकला.

मर्यादा आली म्हणजे सर्वांचे भले झाले असे समजू नये. अमेरिकेत मर्यादेपूर्वी लहान व्यवहारांना सवलतीचा दर मिळत असे. मर्यादा आल्यावर जाळ्यांनी ती सवलत काढून घेतली आणि कमाल दरच सरसकट लावला. दोन डॉलरच्या व्यवहारावर २१ सेंट म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक होतात. आपल्या संस्थेत झेरॉक्स, चहा, प्रवासभाडे अशा छोट्या रकमांचे व्यवहार अधिक असतील, तर टक्केवारीपेक्षा प्रत्येक व्यवहारामागचे ठरावीक शुल्क अधिक महत्त्वाचे ठरते. पुरवठादार नेहमी टक्केवारीच मोठ्या अक्षरांत छापतो.

शुल्क कोणाच्या खिशातून जाते हा प्रश्न न्यायाचाही आहे. विक्रेता ते शुल्क सर्व वस्तूंच्या किमतीत मिसळतो, त्यामुळे रोखीने पैसे देणाराही ते भरतो, पण कॅशबॅक मात्र त्याला मिळत नाही. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये केलेल्या अभ्यासानुसार रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाकडून वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांकडे जात होते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळत होते. संस्थेतील कमी उत्पन्नाचे सदस्य रोखीने पैसे देत असतील, तर आपण त्यांच्याकडून घेऊन इतरांना देत नाही ना, हे बैठकीत स्पष्टपणे विचारावे. यावर समितीत मतभेद होतील. ते इतिवृत्तात नोंदवावेत.

दर ठरवताना दोन पर्याय समोर येतात. एकात सर्व तुकडे मिसळून एकच सरसकट दर दिला जातो, दुसऱ्यात तिन्ही तुकडे सुटे दाखवले जातात. सरसकट दर समजायला सोपा असतो, परंतु उद्या इंटरचेंज कमी झाले तरी त्याचा फायदा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. व्यवहारांची संख्या मोठी असेल तर सुटा दर मागावा. त्याखेरीज किमान मासिक शुल्क, मशीनचे भाडे आणि झालेला व्यवहार ग्राहकाने नंतर बँकेकडे नाकारल्यास लागणारे शुल्क, हे तीन आकडे शोधून काढावेत. ते बहुधा परिशिष्टात असतात. जुनी उपकरणे वापरत राहण्याची किंमतही धरावी. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून चिप न वाचणाऱ्या मशीनवर बनावट कार्ड चालले, तर त्याचे नुकसान बहुतेक वेळा विक्रेत्याच्या बाजूवर येऊ लागले.

कार्डात आधी पैसे भरून ठेवण्याची पद्धत असेल तर ते पैसे कोणाच्या नावाच्या खात्यात राहतात हे पाहिल्याशिवाय सही करू नये. ब्रिटनमध्ये २००६ साली फेअरपॅक ही सणासाठी पैसे साठवून घेणारी कंपनी बुडाली, तेव्हा ग्राहकांची बचत कंपनीच्या इतर पैशांपासून वेगळी राखलेली नव्हती आणि एक लाखाहून अधिक लोकांचे पैसे अडकले. सदस्यांनी भरलेली शिल्लक स्वतंत्र विश्वस्त खात्यात राहील आणि योजना बंद झाल्यास ती परत मिळेल, अशी अट घालावी.

५. पॉइंट हे बक्षीस नसून देणे आहे, असे समजून हिशेब करा

सदस्याला दिलेला प्रत्येक पॉइंट हे संस्थेने पुढे देण्याचे कबूल केलेले मूल्य असते. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएफआरएस १५ नुसार, जे २०१८ पासून लागू आहे, विक्रीच्या रकमेतील पॉइंटचा वाटा लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत तो देणे म्हणून ठेवावा लागतो. न वापरले जाणारे पॉइंट किती असतील याचा अंदाज हाच या योजनांच्या अर्थकारणाचा गाभा आहे. अंदाज मोठा धरला तर योजना स्वस्त दिसते, आणि मग सदस्यांनी पॉइंट विसरावेत यातच योजना चालवणाऱ्याचा फायदा राहतो. हा हितसंबंधांचा संघर्ष कोणत्याही पुरवठादाराच्या सादरीकरणात मला दिसलेला नाही.

कॅनडातील एअर माइल्स योजनेने पाच वर्षांहून जुने माइल्स, म्हणजे तिचे पॉइंट, २०१६ च्या अखेरीस रद्द करण्याचे ठरवले होते. मुदत जवळ येताच सदस्यांनी माइल्स वापरण्यासाठी धावपळ केली, संताप वाढला आणि डिसेंबरमध्ये कंपनीने निर्णय मागे घेतला. त्याच काळात ऑन्टॅरिओ प्रांताने केवळ काळ उलटला म्हणून पॉइंट रद्द करण्यास मनाई करणारा कायदा केला. मुदत ठेवायचीच असेल तर ती पहिल्या दिवसापासून ठेवावी; नंतर लावलेली मुदत सदस्यांना आपले काही काढून घेतल्यासारखी वाटते, आणि ते चुकीचेही नसते.

पॉइंट देणाऱ्याला त्यातून किती मिळते हे महासाथीच्या काळात उघड झाले. अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सने २०२० मध्ये आपली माइल्स योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले आणि डेल्टाने तशाच मार्गाने ९ अब्ज. विमाने जमिनीवर असतानाही सावकारांना योजना मोलाची वाटली, कारण बँका आपल्या कार्डधारकांना वाटण्यासाठी विमान कंपन्यांकडून माइल्स रोख पैसे देऊन विकत घेतात. आपल्या योजनेत पॉइंट कोण कोणाला विकतो, हे म्हणूनच विचारावे.

केवळ कार्डधारकांना कमी किंमत, ही पद्धत आता रूढ होत आहे. तिच्यावरचा आक्षेप असा की आधी किंमत वाढवून मग सवलत दाखवली जाते. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२४ मध्ये सुमारे ५०,००० वस्तूंची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के वस्तूंवरील सवलत नेहमीच्या किमतीच्या तुलनेत खरी आढळली. त्यामुळे हा आक्षेप सरसकट लावू नये. दुसरा आक्षेप मात्र उरतोच: ज्याला आपली माहिती द्यायची नाही, किंवा ज्याच्याकडे मोबाइल नाही, तो त्याच वस्तूला अधिक पैसे मोजतो.

६. माहिती कोणाकडे जाते, हे नकाशावर काढा

एका कागदावर संस्था, पुरवठादार, त्याचे उपकंत्राटदार, बँक आणि जाहिरात कंपनी अशी वर्तुळे काढून कोणती माहिती कोठून कोठे जाते त्याचे बाण दाखवावेत. अमेरिकेतील टार्गेट या किरकोळ विक्री साखळीवर २०१३ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली, आणि चोरांनी आत शिरण्यासाठी वातानुकूलन यंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचे लॉगिन वापरले होते. आपल्या नकाशावर असा किरकोळ वाटणारा कंत्राटदार आहे का, ते पाहावे. शिवाय पैशांचे कार्ड रद्द करून नवे देता येते, बोटाचा ठसा बदलून देता येत नाही. त्यामुळे ठसे मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात ते खरोखर लागतात का, आणि ते मध्यवर्ती संगणकावर न ठेवता फक्त कार्डाच्या चिपमध्ये ठेवता येतील का, असे विचारावे.

कायद्याची बाजू देशागणिक बदलते, तरी तिचा कल स्पष्ट आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८३ च्या जनगणना निकालात आपल्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आधार योजना बहुमताने वैध ठरवताना खाजगी कंपन्यांना आधारचा आग्रह धरू देणारी तरतूद रद्द केली. जमैकात एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय ओळखपत्राचा सक्तीचा कायदाच न्यायालयात टिकला नाही. या सर्व निकालांत काम मर्यादित आहे का आणि त्यासाठी लागते तेवढीच माहिती घेतली जाते का, यावर भर आहे. म्हणजे पहिल्या टप्प्यातील ठराव येथे कायदेशीर संरक्षणासारखा उपयोगी पडतो.

माहितीचा गैरवापर नेहमी चोरच करतो असे नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१२ पासून सामाजिक अनुदाने एका खाजगी कंपनीमार्फत, ठशांची नोंद असलेल्या मास्टरकार्ड कार्डांवर दिली जाऊ लागली. त्यानंतर मोबाइल रिचार्ज, वीज आणि कर्जाचे हप्ते यांसाठी अनुदानातून परस्पर पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या, आणि त्यांत कंत्राटदार कंपनीच्याच समूहातील व्यवसायांकडे बोट दाखवले गेले. करारात म्हणून असे वाक्य असावे की योजनेतून मिळालेली माहिती पुरवठादाराला किंवा त्याच्या समूहातील कोणत्याही कंपनीला दुसरे काही विकण्यासाठी वापरता येणार नाही, आणि सदस्याच्या लेखी संमतीखेरीज त्याच्या शिलकीतून कोणतीही रक्कम वळती होणार नाही.

७. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याची सोय आधी ठरवा

अंगमेहनत करणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते ओळखत नाही. वीज किंवा नेटवर्क जाते, कार्ड तुटते, नाव चुकीचे छापले जाते. अशा वेळी काउंटरवरील कर्मचाऱ्याला स्वतःच्या अधिकारात काम पुढे नेता यावे, यासाठी त्याला लेखी कार्यपद्धती द्यावी: कोणता दुसरा पुरावा चालेल, नोंद कोठे करायची आणि कोणाची सही लागेल. ही पद्धत नसेल तर कर्मचारी स्वाभाविकपणे नकार देतो, कारण नकार दिल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही.

कार्डाचे स्वरूपही त्रासदायक ठरू शकते. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून काही भागांत लाभार्थ्यांचे ८० टक्के सरकारी साहाय्य एका विशिष्ट डेबिट कार्डावर दिले जाऊ लागले, ज्यातून दारू, जुगार आणि रोख रक्कम मिळत नसे. कार्ड पुढे करताच आपण साहाय्यावर जगतो हे सर्वांना कळते, ही तक्रार अखेरपर्यंत राहिली, आणि मार्च २०२३ मध्ये ती योजना बंद झाली. सवलतीचे आणि साधे कार्ड दिसायला एकसारखेच ठेवावे.

८. करारातून बाहेर पडण्याचा रस्ता सही करण्यापूर्वी वाचा

दक्षिण आफ्रिकेचे प्रकरण येथे पुन्हा पाहावे लागते. तेथील घटना न्यायालयाने २०१३ मध्येच ते कंत्राट अवैध ठरवले होते. पण लाखो लोकांचे अनुदान थांबू नये म्हणून आदेश स्थगित ठेवावा लागला. सरकारी यंत्रणेने पर्याय उभा केला नाही, आणि मार्च २०१७ मध्ये, मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, त्याच कंपनीला आणखी बारा महिने काम चालू ठेवायला सांगण्याची वेळ न्यायालयावर आली. अवैध कंत्राटही सोडता येत नाही इतकी संस्था पुरवठादारावर अवलंबून राहू शकते, आणि हे लहान संस्थांतही घडते. फक्त तेथे न्यायालय येत नाही, वाढीव बिल येते.

करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात: नोंदींची मालकी संस्थेची असेल, त्या नेहमीच्या वापरातील स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत आणि विनाशुल्क परत मिळतील, चिपच्या सांकेतिक किल्ल्या, म्हणजे ती वाचण्यासाठी लागणारे गुप्त संकेत, संस्थेला सोपवल्या जातील, म्हणजे दुसरा पुरवठादार तीच कार्डे चालवू शकेल, हस्तांतराच्या काळात जुना पुरवठादार जुन्याच दराने सेवा देईल, आणि माहिती नष्ट केल्याचा दाखला मिळेल. ब्रिटनमध्ये ओळखपत्र योजना रद्द करणारा कायदा २०१० मध्ये झाला, जानेवारी २०११ मध्ये कार्डे अवैध ठरली आणि पुढच्याच महिन्यात नोंदवहीच्या हार्ड डिस्क प्रत्यक्ष तोडून नष्ट करण्यात आल्या. ज्यांनी ३० पौंड भरून कार्ड घेतले होते त्यांना मात्र ते पैसे परत मिळाले नाहीत. आपल्या सदस्यांना अशा वेळी काय परत मिळेल, हेही आधीच लिहून ठेवावे.

९. वाटप मागणीनुसार आणि थोड्यांपासून सुरू करा

बँक ऑफ अमेरिकाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना न मागता क्रेडिट कार्डे टपालाने पाठवली. थकबाकी आणि फसवणूक अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक निघाली, आणि न मागता क्रेडिट कार्ड पाठवण्यावर अमेरिकेत १९७० मध्ये बंदी आली. संस्थेनेही कार्ड फक्त अर्ज करणाऱ्याला द्यावे, आधी एका विभागापुरते चालवावे आणि त्या काळात जुनी पद्धत बंद करू नये.

प्रायोगिक काळातील पहिले बिल आले की ते करारातील दरपत्रकाशी ओळीओळीने ताडून पाहावे. नाकारलेले व्यवहार, बदली कार्डे, काउंटरवरून परत पाठवलेले सदस्य आणि न वापरलेले पॉइंट यांची संख्या पुरवठादाराच्या अहवालातून न घेता संस्थेच्या स्वतःच्या नोंदींतून काढावी. हे चार आकडे आणि तिसऱ्या टप्प्यातील तक्त्यातील गृहीतके यांत मोठा फरक दिसला, तर पूर्ण वाटपाचा ठराव पुढच्या बैठकीवर ढकलावा आणि तोवर पुरवठादाराला पुढचा हप्ता देऊ नये.